अकरापैकी चार

प्रयोगशाळेत सगळे तिला ‘मावशी’ म्हणत. वय अवघं बेचाळीस, पण सतरा वर्षं उंदरांची उस्तवार केल्यावर माणूस आपोआप कोणाची तरी मावशी होतो. पिंजरे साफ करण्यापासून तिने सुरुवात केली होती. आता उंदराच्या कवटीला मोहरीएवढं भोक पाडून केसासारखी बारीक तार मेंदूत नेमक्या जागी उतरवायचं काम तिच्याशिवाय कोणाला धड जमत नव्हतं. परदेशातून शिकून आलेल्या सरांनाही नाही. त्यांचा हात मधेच कचरायचा.

काम होतं हालचालींचं. उंदराच्या मेंदूतल्या एका बाजूच्या काही पेशी औषधाने मारायच्या, म्हणजे कंपवाताच्या पेशंटसारखा त्याचा पुढचा एक पंजा जड होतो. समोरच्या फटीतून खाऊचा दाणा उचलायचा तर धडधाकट उंदीर झटक्यात उचलतो, हा नुसता बघत बसतो. त्या वेळी पडद्यावर त्याच्या मेंदूची लय दिसायची. एकसारख्या, फुगलेल्या लाटा, सेकंदाला वीसेक. निरोगी जनावर हलायला निघालं की या लाटा बसतात. आजारी जनावराच्या बसतच नाहीत. लाट फुगली की त्याच क्षणी बारीकसा वीजप्रवाह सोडायचा आणि पंजा हलतो का ते बघायचं, असा सरांचा प्रयोग.

अकरा उंदीर झाले. चौघांचा पंजा हलला, तोही प्रवाह चालू असेपर्यंतच. पाच जणांना काडीचा फरक पडला नाही. एकाचा पाय असा झटके देऊ लागला की तिने घाईघाईने बटण बंद केलं. आणि एक शस्त्रक्रियेतच गेला. हे सगळं तिच्या अक्षरात वहीत लिहिलेलं होतं.

अशात एका सकाळी ती डबा भरत असताना सासऱ्यांनी वर्तमानपत्र तिच्या नाकासमोर धरलं. सासरे म्हणजे नाना. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. हाताला इतकी सफाई की अक्षरांसाठी खडूची रेघसुद्धा ओढायचे नाहीत. गेली सहा वर्षं कंपवाताने तोच उजवा हात थरथरत होता. दिवसातून चार वेळा गोळ्या, त्यांनी मळमळ, आणि मळमळीमुळे चिडचिड. नवरा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर, त्यामुळे ही चिडचिड तिच्या वाट्याला.

‘थरथरत्या हातांना दिलासा, गोळ्यांना आता रामराम!’ असा मथळा होता. खाली हसतमुख सर आणि त्यांचं वाक्य, ‘वर्षभरात ही पद्धत माणसांपर्यंत पोचेल.’

“घरातल्या घरात राहून मला सांगितलं नाहीस?” नाना दुखावल्या आवाजात म्हणाले.

“नाना, हे उंदरांवरचं आहे. माणसांचं अजून काही खरं नाही.”

“हो, हो,” ते म्हणाले, आणि वर्तमानपत्राची घडी करून खिशात घातली.

त्या ‘हो, हो’वर आपण विश्वास ठेवला, याचा पुढे तिला फार पस्तावा झाला. नानांनी त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. विचारलं की “घेतली” म्हणायचे आणि गोळी उशीच्या अभ्र्यात टाकायचे. आता वर्षभराचाच प्रश्न आहे, तर तोवर पोटाला थोडी विश्रांती, असा त्यांचा हिशोब. चौथ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली तर ते लाकडासारखे ताठ पडलेले, अंग तापाने फणफणलेलं, घोटसुद्धा गिळता येईना. डोळे तेवढे तिच्याकडे बघत होते. शेजाऱ्यांनी उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, “गोळ्या कोणी बंद केल्या?” अभ्र्यातल्या गोळ्या अजून कोणाला सापडायच्या होत्या. पण नानांच्या सदऱ्याच्या खिशातून ते कात्रण निघालं. डॉक्टरीणबाईंनी ते उलगडलं आणि कपाळाला हात लावला.

“या आठवड्यातले हे तिसरे. त्या प्राध्यापकाला कोणी समोर आणेल का माझ्या?”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो प्राध्यापक रोज सकाळी तिच्याच हातून हातमोजे घेत होता.

नाना तीन दिवसांनी बोलायला लागले. त्याच दिवशी ती सरांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

“मथळा मी दिला नव्हता, मावशी,” सर म्हणाले. “पत्रकार काय वाटेल ते छापतात.”

“आणि ‘वर्षभरात’? ते तर तुमच्या नावावर छापलंय.”

“लोकांना आशा द्यावी लागते. आशा नसेल तर संशोधनाला विचारतो कोण?”

“मग अकरापैकी चार म्हणून सांगायचं होतं. झटके आलेल्याचं सांगायचं होतं. तेवढंच एक पत्र पाठवा पेपरवाल्यांना. मी लिहून देते, तुम्ही फक्त सही करा.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “शनिवारी पाहुणे येतायत. ते होऊ द्या, मग बघू. आणि हे बघा, सासऱ्यांवर लक्ष ठेवणं तुमचं काम होतं.”

खोट्या आशेचा खड्डा यांनी खणायचा आणि पडणाऱ्याच्या सुनेला विचारायचं, तुझं लक्ष कुठे होतं? ती बाहेर आली आणि धुतलेले पिंजरे पुन्हा एकदा धुतले.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळा पाहायला पन्नासेक माणसं आली. त्यांत बरेचसे पेशंट आणि त्यांच्या घरचे. सरांनी चौथ्या क्रमांकाच्या उंदराची चित्रफीत लावली. प्रवाह बंद, पंजा थंड. प्रवाह चालू, दाणा तोंडात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत एक म्हातारी नवऱ्याचा थरथरणारा हात स्वतःच्या मांडीवर दाबून बसली होती. तिने विचारलं, “म्हणजे आता गोळ्या थांबवल्या तर चालेल का हो?”

“ते डॉक्टरांशी बोला,” सर हसून म्हणाले. “पण तो दिवस आता लांब नाही, आजी!”

मागे टेबलापाशी मावशी हातमोजे घालून उभी होती. बोलायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं. तरी आवाज निघालाच, आणि चांगला खणखणीत.

“आजी, एकही गोळी थांबवू नका. या तारा मी स्वतः बसवल्यात. उंदीर अकरा होते. हलले चार, आणि वीज बंद केली की तेही पुन्हा तसेच. एकाला झटके आले, एक मेला. माझ्या सासऱ्यांनी पेपर वाचून गोळ्या सोडल्या आणि ते मरता मरता वाचले.”

सर म्हणाले, “मावशी, तुम्ही बाहेर जा.”

“जाते. पण यांतला एक आकडा खोटा असेल तर आत्ता, सगळ्यांसमोर सांगा.”

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. म्हातारीने नवऱ्याचा हात धरला आणि त्याला उठवलं.

सोमवारी तिच्या हातात कागद पडला. संस्थेची शिस्त मोडल्याबद्दल बदली, तळमजल्यावर काचेची भांडी धुवायला. वर्तमानपत्राने सातव्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली, चार ओळींचा खुलासा छापला. मथळा मात्र पहिल्या पानावर होता, हे तिने भेटेल त्याला ऐकवलं. डॉक्टरीणबाईंनी संस्थेला खरमरीत पत्र लिहिलं, त्यावर चौकशी समिती बसली आणि बसूनच राहिली. मावशीची ती वही समितीने मागून घेतली. देण्याआधी तिने पानन् पान झेरॉक्स करून ठेवलं.

नाना घरी आले ते खाली मान घालून. दोन दिवस भिंतीशी बोलल्यासारखे बोलत होते. तिसऱ्या दिवशी तिने गोळी आणि पाणी पुढे केलं तेव्हा म्हणाले, “मुकाट्याने फिरू नकोस गं. राग माझ्यावर काढ एकदाचा.”

“तुमच्यावरही आहेच की,” ती म्हणाली. “पण तुमच्या आधी बरेच जण आहेत. रांगेत थांबा.”

नानांनी गोळी गिळली आणि तोंड उघडून, जीभ वर करून तिला दाखवलं. तिला हसू आलं नाही. तिने पेला उचलला आणि तळमजल्यावरच्या कामाला उशीर होतोय म्हणून निघाली.