लाईन चालू आहे

माऊलीचा एक प्रश्न ठरलेला होता. कुणाचाही फोन येवो, प्रिंटर अडकलेला असो की सर्व्हर बसलेला असो, हा आधी विचारणार, लाईन चालू आहे का? आणि लाईन चालू असली, की त्याच्या लेखी निम्मं दुखणं बरं झालं. शहरातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात तो सात वर्षं कॉम्प्युटर विभाग सांभाळत होता. माणूस कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण 'चालू' या शब्दावर त्याचा फार भरवसा होता, आणि भरवसा कधी कधी आळसाचंच दुसरं नाव असतो, असं मला आपलं वाटतं.

हॉस्पिटलनं गंगापूरला शाखा काढली. तिथं सीटी स्कॅनचं मशीन बसवलं, पण मेंदूचा डॉक्टर काही तिथं बसणार नव्हता. मेंदूच्या डॉक्टर चारुता मॅडम इकडं शहरात. मग तिथला टेक्निशियन धम्मपाल काय करायचा, स्क्रीनवरच्या स्कॅनचा मोबाईलनं फोटो काढायचा आणि मॅडमना व्हॉट्सॲपवर धाडायचा. धुरकट का होईना, दोन मिनिटांत पोचायचा. वरच्यांना हे पटेना. पेशंटचे फोटो असे मोबाईलमोबाईलवर फिरायला लागले तर उद्या कोर्टकचेरी व्हायची. तेव्हा माऊलीला फर्मान सुटलं, की गंगापूरचा सर्व्हर आणि इथला सर्व्हर यांच्यात इंटरनेटवरूनच खासगी टनेल टाका, बाहेरच्या कुणाला आत डोकावता येणार नाही असा.

टनेल म्हणजे बोगदा, पण यात खोदायचं काही नसतं. इंटरनेटवर माहिती पाकिटांतून जाते. टनेलमध्ये प्रत्येक पाकीट आणखी एका पाकिटात घालून, चिकटवून पाठवायचं आणि पलीकडच्यानं वरचं पाकीट फोडायचं, एवढीच त्यातली अक्कल. माऊलीनं शनिवारी दिवसभर बसून ते केलं. इकडून पिंग मारला, म्हणजे 'आहेस का रे' अशी एक इवलीशी हाक दिली. चार हाका, चार उत्तरं. या लोकांची कामाची रीतच अशी, की पिंगच्या उत्तरांचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला की काम झालं. त्यानं टाकला आणि खाली लिहिलं, 'टनेल चालू. आजपासून मोबाईलवर फोटो पाठवणं बंद.' वरून पटापट अंगठे आले. एक खराखुरा स्कॅन मागवून बघावा, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. बाकीच्यांच्याही आलं नाही, पण बाकीच्यांचं ते काम नव्हतं.

सोमवारी सकाळी गंगापूरच्या शाखेत काकासाहेबांना आणलं. बावन्न वर्षांचा गडी. उसाच्या ट्रॉलीवरून उतरताना पाय सटकला आणि डोकं दगडावर आपटलं. सोबत बायको, लक्ष्मीबाई. गडी शुद्धीवर होता, मला काय झालं नाय, चहा पाजा म्हणून बायकोवरच डाफरत होता. तिथल्या तरुण डॉक्टरला स्कॅनमध्ये रक्त साकळल्यासारखं दिसलं, पण त्याची खात्री होईना. शहरात हलवायचं तर वाटेतल्या वाळूजच्या कारखान्यांच्या गर्दीतून तास-सव्वा तास. त्यानं इकडं फोन लावला. चारुता मॅडम एका ऑपरेशनमध्ये होत्या. फोटो आले की आत नेऊन दाखवते, असं त्यांची सहायक म्हणाली. मग त्यानं ठरवलं, मॅडम म्हणतील तसं करू.

धम्मपालनं पावणेबाराला फोटो सोडले. शहरातल्या स्क्रीनवर नाव उमटलं, वय उमटलं, आणि खाली फोटोची चौकट काळी. फोटो दिसत नाहीत, असं सहायकेनं कळवलं तसा दहा मिनिटांनी धम्मपालनं माऊलीला फोन केला. माऊलीनं पिंग मारला. चार हाका, चार उत्तरं.

"लाईन चालू आहे रे," तो म्हणाला. "फाइली मोठ्या आहेत, वेळ लागतो. थांब जरा."

धम्मपाल थांबला. डॉक्टरही थांबला. सव्वाबाराला पुन्हा फोन, पुन्हा पिंग, पुन्हा तेच. धम्मपालनं भीत भीत विचारलं, पहिल्यासारखा मोबाईलवरून धाडू का? माऊली डबा उघडून बसला होता. तो वैतागला. मग टनेल काय शोभेला टाकलाय का, म्हणाला; तुझी नोकरी जाईल आणि माझीही. पेशंटला काय झालंय हे त्याला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण विचारलं असतं तर कळलं असतं, आणि त्यानं विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

पाऊण वाजता काकासाहेबांना ओकारी झाली आणि जीभ जड पडली. धम्मपालनं पुन्हा माऊलीला फोन लावला, तर लक्ष्मीबाईंनी त्याच्या हातातला फोनच घेतला.

"दादा, मोठे डॉक्टर तुम्हीच का? हे मला वळखंनात आता. आम्ही निघावं का थांबावं, तेवढं सांगा."

माऊलीनं डबा बाजूला सारला. मी डॉक्टर नाही, हेसुद्धा त्याला नीट सांगता आलं नाही. निघा, आत्ताच्या आत्ता निघा, एवढंच तो बोलला.

फोन ठेवून तो कॉम्प्युटरकडं वळला. मग कुठं त्यानं इवल्या हाकेऐवजी फोटोएवढ्या भरल्या पाकिटाची हाक मारून पाहिली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. वाटेवर जास्तीत जास्त पंधराशे बाइटच्या मापाचं पाकीट जातं. फोटोची पाकिटं मुळातच काठोकाठ भरलेली. त्यावर टनेलचं दुसरं पाकीट चढलं की माप ओलांडायचं आणि वाटेतलं यंत्र ते सरळ टाकून द्यायचं. पाकीट मोठं झालंय असा निरोप ते उलट धाडतं, पण सुरक्षेच्या नावाखाली असले निरोप माऊलीनंच शनिवारी बंद करून ठेवले होते. नाव, वय, हाका यांची पाकिटं इवलीशी, ती पोचली. फोटो संध्याकाळपर्यंत थांबूनही गेला नसता. टनेल साफ मेलेला असता, तर धम्मपालनं पावणेबारालाच मोबाईल काढला असता किंवा डॉक्टरनं पेशंटला गाडीत घातलं असतं. तो अर्धामुर्धा जिवंत होता म्हणून सगळे त्याच्या भरवशावर बसून राहिले. माऊलीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्यानं पाकिटाचं माप पंधराशेच्या जागी चौदाशे केलं, दोन्हीकडं. अर्ध्या मिनिटाचं काम. अडकून पडलेले फोटो आपोआप सरसर यायला लागले, काळ्या चौकटीत एकामागून एक पांढरी कवटी. त्याला ते बघवेना.

पावणेदोनला धम्मपालचा फोन आला. तो अँब्युलन्समध्ये सोबत बसला होता. वाळूजला, शिफ्ट सुटलेल्या बसगाड्यांच्या रांगेत, काकासाहेबांचा श्वास थांबला होता. लक्ष्मीबाई अजून त्यांचे तळपाय चोळत होत्या. त्यांना कसं सांगू, असं धम्मपाल विचारत होता.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. चारुता मॅडम होत्या. वाट बघून सहायक केव्हाच उठून गेली होती, मॅडम ऑपरेशन आटोपून आत्ताच बाहेर आल्या होत्या आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"माऊली, गंगापूरचे फोटो बघितले. किती स्वच्छ आलेत हो. रक्त कवटीच्या आतल्या बाजूला साठलंय, मेंदूला इजा नाही. वेळेत टेबलावर घेतला तर आठ दिवसांत चालत घरी जाईल हा माणूस. मी तयारीला सांगते. निघाला का तो तिकडून?"

माऊलीच्या दुसऱ्या हातातला मोबाईल चालूच होता. त्यातून लक्ष्मीबाई नवऱ्याला हाक मारताना ऐकू येत होत्या. 

"गेला, मॅडम."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "किती वाजता?"