उजव्या कानाजवळची कुपी

दिनांक सतरा, मंगळवार, सकाळी साडेदहा. संस्थेच्या तळघरातील स्कॅनर-कक्ष. पीएचडीनंतरच्या एकुलत्या एका संशोधनपदासाठी तिची प्रत्यक्ष चाचणी याच वेळी, याच जागी नेमली होती: जिवंत उंदराच्या मेंदूचे स्कॅन परीक्षकांसमक्ष घ्यायचे.

तिची शिष्यवृत्ती मागच्याच महिन्यात संपली होती आणि ही तिची तिसरी मुलाखत. सकाळीच धाकट्याचा फोन येऊन गेला होता. "ताई, या वेळी हातचं घालवू नकोस गं. 'अजून एकच मुलाखत' हे बाबांना आता पाठ झालंय."

तासाभरापूर्वी वरच्या मजल्यावर तिने आपला प्रबंध ठासून मांडला होता. सुजलेल्या मेंदूच्या उजव्या अर्ध्यात औषध टोचले, डावा तुलनेसाठी तसाच ठेवला. चाळीस उंदरांत उजवी सूज उतरली; त्यावरचा निबंधही छापून आला होता. परीक्षकांनी माना डोलावल्या होत्या.

प्राणिगृहाचे मामा बेशुद्ध उंदीर पाळण्यात पालथा निजवून घेऊन आले. "नवरदेवाला डूल घातलाय बरं का," उंदराच्या कानाजवळ चिकटवलेली, स्कॅनमध्ये चमकणाऱ्या तेलाची इवलीशी कुपी दाखवत ते म्हणाले. "उजव्या बाजूला. आमच्या विभागप्रमुख मॅडमचा हट्ट!"

पाळणा यंत्रात सरकला. पडद्यावर प्राण्याची स्थिती विचारली गेली. तिने हाताच्या सवयीने 'पाठीवर' निवडले. तिच्या प्रयोगशाळेत उताण्या निजणाऱ्या माणसांच्या यंत्रावरून आलेली ती नोंद कुणी कधी बदललीच नव्हती.

चित्र उमटले. तेलाचा ठिपका लख्ख चमकत होता, पण 'डावी' लिहिलेल्या कडेला.

मामांचा हात चुकला असेल? पण मघाशी तिने स्वतः पाहिले होते: कुपी उजवीकडेच होती. मग चुकले होते यंत्राला दिलेले उत्तर. उंदीर पालथा, नोंद उताण्याची; म्हणून डावे-उजवे उलटे. आणि तिच्या चाळीस उंदरांना डूल नव्हता; त्यांची बाजू कधी पडताळलीच गेली नव्हती.

एक कळ दाबली की ही चूक मिटणार होती. गडबडीत बोट घसरले म्हटले असते, तर मामांनीसुद्धा हसून सोडून दिले असते. बोट कळीवर गेलेही. मग तिने ते उचलून घेतले.

"काय झालं? थांबलात का?" विभागप्रमुख मॅडमनी विचारले.

"बाजू उलटी आलीये, मॅडम. मी स्थिती चुकीची दिली."

"होतं असं. बदला."

"आजच नाही. नेहमीच अशीच देत आले."

मामांनी मान खाली घातली.

"चाळीसही?"

"चाळीसही."

"म्हणजे मघाशी वर सांगितलंत ते?"

"उतरली ती औषध न दिलेल्या बाजूची सूज." तिने पडद्यावरच्या ठिपक्याकडे बोट केले. "टोचलेल्या बाजूला ती उलट जास्तच आहे; औषधाने वाढत असावी."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेजारच्या परीक्षकांकडे पाहिले. त्यांनी पेनाला टोपण लावले.

"आधी तो छापलेला निबंध मागे घ्या," मॅडम म्हणाल्या. "ही जागा तुम्हाला देता येणार नाही."