ओट्यावर ऐकलेलं वादळ

मी ट्रान्झिस्टर बोलतोय. एरवी दुसऱ्याने लिहिलेलं वाचून दाखवतो, आवाजही दुसऱ्याचाच. आज मात्र जे सांगणार आहे ते मी स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं आहे.

मुंबईच्या एका कारखान्यात माझे तुकडे जोडले गेले. दुकानाच्या काचेआड काही दिवस काढले आणि मग आरमारातल्या एका तरुणाने मला विकत घेतलं. त्याचं नाव गहिनीनाथ. सुट्टीवर येताना काष्टी स्टेशनावर उतरून, मला काखेत मारून तो माळावरची वाट तुडवत आपल्या गावी आला. आईच्या मांडीवर मला ठेवून म्हणाला, "आये, मी तिकडं वायझॅगला असतो. तुला घर खायला उठत असंल. ह्यो बोलंल तुझ्यासंगं."

त्याच्या आईचं नाव चांगुणाबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पहिल्यांदा माझ्यातून पुरुषाचा आवाज आला तेव्हा तिने चटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता. नंतर सवय झाली. मी बोलायचो आणि ती चुलीपुढून "व्हय का?", "अगं बया!" असं मला उत्तर द्यायची.

बहात्तर सालचा तो दुष्काळ. विहिरींचे तळ उघडे पडलेले. सगळं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जायचं आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खायचं. संध्याकाळी हात धुवायला पाणी नसायचं, तसेच धुळीने माखलेले लोक चांगुणाबाईच्या ओट्यावर येऊन बसायचे. कशासाठी? तर मी पावसाचं काही सांगेन म्हणून. मी "आकाश निरभ्र राहील" म्हटलं की माझ्याकडे असे बघायचे, जणू ढग मीच लपवून ठेवलेत.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी मी सांगितलं, की बंगालच्या उपसागरात वादळ तयार झालंय आणि ते पश्चिमेकडे सरकतंय.

सहादेव ताडकन उठून उभा राहिला. हा चांगुणाबाईचा चुलत दीर. चार इयत्ता शिकलेला, त्यामुळे ओट्यावर त्याचा शब्द चालायचा. हाताने हवेत रेघ ओढत तो म्हणाला, "तिकडं किनाऱ्याला धडकलं का नाई, की ढग सरळ हिकडंच. आपल्या डोक्यावर!"

लोकांच्या अंगात जीव आला. शेजारची रंगुबाई रिकामी घागर बडवायला लागली. चांगुणाबाईने तर ओट्यावरूनच देवीच्या देवळाकडे हात जोडले. "आई, चांगलं जोरात धडकू दे. तुझी खणानारळानं ओटी भरीन!"

दुसऱ्या दिवशी मी आणखी सांगितलं. वादळाचा जोर वाढला होता. ते विशाखापट्टणमच्या रोखाने निघालं होतं. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असाही इशारा होता. ओट्यावर हसणं-खिदळणं सुरू झालं. चांगुणाबाईही हसत होती. सहादेव तेवढा उठून, पायात वहाणा न घालताच निघून गेला.

सकाळी तो परत आला. दारातच उभा राहिला, आत येईना.

"वैनी, गैनी कुठं असतो?"

"वायझॅगला. तुमीच तर त्याच्या पाकिटावर पत्ता घालता."

"पत्त्यात मी विशाखापट्टणम लिवतो. दोन्ही एकच हाय."

चांगुणाबाईच्या हातात पीठ होतं. ते तिने परातीत टाकलं नाही, हातही झटकला नाही.

"भावजी, काल नाव आलं तवाच तुमाला कळलं हुतं?"

सहादेवाने मान खाली घातली. "व्हय. वाटलं, पाऊस येतोय... येऊ द्यावा. गैनी काय, आरमारातला गडी, त्याला काय हुतंय. रातभर डोळ्याला डोळा न्हाई लागला, वैनी."

तिने आता हातातलं पीठ परातीत सोडलं. त्याला दोष कसा देणार? जोरात धडकू दे, असं तिने स्वतःच्या तोंडाने मागितलं होतं.

संध्याकाळी लोक आले. कुणकुण सगळ्यांना लागली होती. कुणी चांगुणाबाईकडे बघेना. रंगुबाई पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसली. पण उठून गेलं मात्र कुणी नाही. पाऊस हवाच होता.

मी सांगितलं, की वादळाने दिशा बदलली आहे. आता ते उत्तरेला, ओरिसाच्या किनाऱ्याकडे वळलं आहे.

"वळलं!" चांगुणाबाई ओरडली. तिने टाळी वाजवली. "वळलं गं बाई! वळलं!"

टाळीचा आवाज ओट्यावर एकटाच राहिला. समोर गाव बसलं होतं. त्यांचा पाऊस गेला होता. कुणीतरी खोकलं. रंगुबाई उठली, घागर कमरेवर घेत म्हणाली, "बरं झालं, वैनी. पोरगं वाचलं." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच चांगुणाबाईला जास्त लागलं. तिचे हात अजून एकमेकांना चिकटलेले होते. ते तिने पदराखाली लपवले.

पुढच्या बातम्यांत मी उरलेलं सांगितलं. तिकडची गावं पाण्याखाली गेली होती, होड्या परतल्या नव्हत्या, माणसं किती गेली त्याचा अजून पत्ता नव्हता. आणि लगेच माझ्यातून एक उडत्या चालीचं गाणं सुरू झालं. चांगुणाबाईने झडप घालून मला बंद केलं, जुन्या धडप्यात गुंडाळलं आणि रिकाम्या कणगीत ठेवून दिलं. धान्य नव्हतंच, जागा भरपूर होती.

दिवाळीला गहिनीनाथ लांबलचक रजा घेऊन आला. मला शोधत कणगीपर्यंत पोचला. "आये, ह्याला हितं का कोंबलंस?"

तिने सगळं सांगितलं. धडकू दे म्हटलं तेही, आणि टाळी वाजवली तेही. पोराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून सांगितलं.

तो म्हणाला, "बोटीवर आमी बी टाळ्या पिटल्या, आये. वळलं म्हनल्यावर उड्या मारल्या. मग हुकूम आला, तांदूळ घ्या अन् तिकडंच चला. तिथं एक म्हातारी हुती. मी तांदूळ पुढं केला, तर घेईना. नुसती माझ्या तोंडाकडं बघत बसली. भाषा कळंना मला तिची. पर वाटलं, हिला आमच्या टाळ्या ऐकू गेल्यात."

मग त्याने मला बाहेर काढून पुसलं आणि ओट्यावर ठेवलं.

कार्तिकात उपसागरात पुन्हा वादळ उठलं. गाव पुन्हा ओट्यावर जमलं. ज्वारीचं बी तसंच पडून होतं. सहादेवाने बैलजोडी काष्टीच्या बाजारात विकलेली. माझं बोलणं संपलं, तसं सगळ्यांनी चांगुणाबाईकडे पाहिलं. शेवटी सहादेवच चाचरत म्हणाला, "वैनी, आता तर गैनी हितंच हाय. मागायला काय हरकत हाय?"

गहिनीनाथ आईकडे बघत होता.

"गैनी हितं हाय म्हनून तिथं कुनीच न्हाई व्हय, भावजी?" चांगुणाबाई म्हणाली. "समुद्रातच जिरू दे म्हना."

"अन् आपली जवारी?"

"जवारीचं मला ठावं न्हाई. पर दुसऱ्याच्या दारात ढकलायला आता जीभ रेटत न्हाई माझी."

सहादेव कितीतरी वेळ माळाकडे बघत राहिला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मग पुटपुटला, "जिरू दे." रंगुबाईही म्हणाली, "जिरू दे, बाई."

वादळ ऐकतं थोडंच! ते खाली दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलंच, आणि आमच्याकडे थेंब आला नाही. ते सगळं मीच सांगितलं. त्या दिवशी कुणी उठून गेलं नाही, मला बंदही केलं नाही. पडलेल्या घरांची, गेलेल्या माणसांची बातमी धुळीने माखलेल्या लोकांनी शेवटपर्यंत ऐकली.

अजून मी त्याच ओट्यावर आहे. कातडी पिशवी फाटलीय, घसा बसलाय. वादळ, बाजारभाव आणि गाणी, मला सगळं एकाच सुरात सांगावं लागतं, याची मला फार लाज वाटते. मला आवाज खाली आणता येत नाही, बाबांनो. लांबच्या कुठल्या किनाऱ्याचं नाव माझ्या तोंडून आलं, तर तेवढ्यापुरते तुम्ही तरी हळू बोला.