कानसेन

"काका, अजून टोचतंय," गिटारवाली म्हणाली.

कानसेनांनी माउस सोडला. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. बाई चाळिशीची, शाळेत गणित शिकवणारी; वीस वर्षं घरातल्या घरात वाजवलेलं आता कुठे लोकांपुढे आणत होती. गिटारची वायर थेट कॉम्प्युटरला जोडून तिनं घरीच रेकॉर्डिंग केलं होतं. असा आवाज कोरडा असतो, तारांची नुसती टकटक. त्याला अॅम्प्लिफायरचा भरदार घसा द्यायचं काम कानसेनांचं. पूर्वी ते खऱ्या अॅम्प्लिफायरपुढे गुडघे टेकून माइक बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवायचे. आता अॅम्प्लिफायर आणि माइक दोन्ही पडद्यावर, चित्रात. पण शेवटी खेळ कानांचाच; आणि त्या कानांवरूनच तर स्टुडिओत त्यांना हे नाव पडलेलं.

"अगं, धार नको का जरा? नाहीतर गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो आवाज."

"गोधडी कुठाय काका? माझ्या तर दातांतून कळ जातेय."

"तीस वर्षं हेच करतोय मी!" त्यांचा आवाज चढला.

ती हळूच म्हणाली, "राहू द्या मग. तुम्हाला जास्त कळतं."

ते त्यांना लागलं. भांडली असती तर परवडलं असतं.

त्यांनी पडद्यावर आवाजाचा आलेख उघडला. उजव्या टोकाला, अगदी बारीक, उंच सुरांच्या जागी, डोंगर उभा होता. बाकी सगळं बंद करून त्यांनी तेवढाच भाग वाजवला. हिरव्या पट्ट्या वरखाली नाचू लागल्या. खोलीत मात्र शांतता.

"वाजतंय?"

"म्हणजे काय! डास घोंगावतायत नुसते. बंद करा ना."

त्यांनी बंद केलं. त्यांच्या दृष्टीनं काहीच थांबलं नाही.

ते उठले आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"बस इथे."

"मी? मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मला वरचं ऐकू येत नाही. किती दिवसांपासून, देव जाणे. तू ऐक, काय फिरवायचं ते मी सांगतो."

ती बसली. चित्रातला माइक अॅम्प्लिफायरच्या मधोमध होता, जिथे धार सगळ्यात जास्त. त्यांनी तो कडेला न्यायला लावला. अजून थोडा. अजून.

"थांबलं टोचायचं."

"आता जीव राहिलाय का त्यात?"

तिनं डोळे मिटून पूर्ण गत ऐकली. "आहे," ती म्हणाली.

ती गेल्यावर कानसेन मालकाकडे गेले. "नवीन माणूस बघा. मी शिकवीन त्याला. पण शेवटचा कान माझा नको."

"काका, लोकांना काय कळतंय?"

"मला कळलंय ना."

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"माहितीये मला," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली."

"मग बोलली नाहीस?"

"कशी बोलणार? सगळा जीव तुमचा त्या कानांत."

हल्ली ही फार चढ्या आवाजात बोलते, स्वभाव चिडका झालाय, असं त्यांना वाटायचं. ते खुर्चीत बसले.

तिनं हातातला सदरा बाजूला ठेवला, पंखा बंद केला आणि आपली खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर आणली.

"हं," ती सावकाश म्हणाली, "आता नीट सांगा."