दत्तरावांच्या हातचं इंजिन

परभणीकडच्या मिस्त्री लोकांत एक रीत होती. कुणी लिहून ठेवली नव्हती, पण पाळायचे सगळे. दुसऱ्या मिस्त्रीनं बांधलेलं इंजिन उघडायचं झालं, तर आधी नारळ घेऊन त्याच्या दारात जायचं. त्यानं नारळ ठेवून घेतला तर समजायचं, हात लावू नकोस, मी अजून आहे. त्यानं नारळ परत हातात दिला तर खुशाल खोल. बोलाचाली नाही, हुज्जत नाही. आता गल्लोगल्ली गॅरेजं झाली आणि कोण कुणाचं इंजिन उघडतो याला काही धरबंध राहिला नाही. पण सत्त्याऐंशी साली ही रीत शाबूत होती आणि जिंतूरच्या चंद्रभान मिस्त्रीला ती पाठ होती. ठाऊक नसती तर सुटला असता बिचारा.

गाडी होती पोखर्णीकडच्या दिनकररावांची. आठ सिलिंडरची अमेरिकन फोर्ड, निजामाच्या राज्यात हैदराबादच्या कुण्या नवाबाकडून घेतलेली. काळीभोर, लांबलचक, आणि अंगात दहा बैलांचं बळ असून चालायची अशी गुपचूप की रस्त्यावरची म्हैसदेखील मान वळवायची नाही. तिच्या बॉनेटला परभणीच्या दत्तराव मिस्त्रींशिवाय कुणाचा हात लागू द्यायचा नाही, असा दिनकररावांचा हुकूम होता. दत्तरावही तसेच. माणसांची नावं एखादवेळ चुकतील, पण कुठल्या गाडीचा कुठला व्हॉल्व्ह कुठल्या साली घासला हे ते झोपेतून उठवलं तरी सांगायचे.

चंद्रभान याच इंजिनावर शिकला. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि दत्तरावांकडं लागून त्याला दोन वर्षं झाली होती. बौद्धवाड्यातला गडी कामावर ठेवू नका, असं चौघांनी येऊन दत्तरावांना बजावलं. दत्तराव हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. घरातून बाज आणली, गॅरेजच्या दारात टाकली आणि मांडीवर मोठा पाना घेऊन आठ दिवस तिथंच बसून राहिले. गिऱ्हाईक फिरकेना. आत ही फोर्ड उभी. मग बसल्या बसल्या त्यांनी चंद्रभानला हुकूम सोडायला सुरुवात केली. हे खोल, ते उतरव, आता बोट फिरव, काय लागतं ते सांग. आठ दिवसांत चंद्रभाननं ते इंजिन खिळा न् खिळा सोडवलं आणि पुन्हा बांधलं. दुपारी दत्तरावांची बायको सुलाबाई भाकरी घेऊन यायची आणि दोघंही एकाच टोपलीतली खायचे. शेवटचा बोल्ट तेवढा दत्तरावांनी उठून स्वतःच्या हातानं आवळला.

पुढं चंद्रभाननं जिंतूरला एसटी स्टँडसमोर स्वतःचं गॅरेज टाकलं. सत्यशीलेशी लग्न झालं, दोन लेकरं झाली, हाताला नाव मिळालं. जीपमध्ये मॅटाडोरचं इंजिन बसवायचं तर चंद्रभाननंच, असं लोक बोलू लागले. आणि कौतुकाची चव एकदा जिभेला लागली की माणूस ती मागतच राहतो.

दिनकरराव वारले, फोर्ड त्यांच्या मुलाकडं, भुजंगरावांकडं आली, आणि एके दिवशी भुजंगराव ती घेऊन थेट जिंतूरला हजर झाले.

"मिस्त्री, हे काढून टाका," बॉनेटवर थाप मारत ते म्हणाले. "पेट्रोल पिऊन पिऊन हिनं जीव खाल्लाय माझा. जपानी डिझेल बसवा हिच्यात. आन् पळाली पाहिजे बरं का, पुढाऱ्यांच्या जीपा मागं पडल्या पाहिजेत."

"मालक, इंजिन उस्तादांच्या हातचं हाय," चंद्रभान म्हणाला.

"म्हातारा म्हणतो, दिवाळीपस्तोर दम धरा, म्या करून देतो. त्याचे हात कापायलेत, मिस्त्री. चहाचा कप धरता येईना, इंजिन काय धरणार? तुमाला जमत नसंल तर तसं सांगा, म्या हैदराबादला नेतो."

जमत नसेल तर! हे शब्द नेमके जिथं लागायचे तिथं लागले. जपानी इंजिन हाताळायचं हे चंद्रभानच्या केव्हापासून मनात होतं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. पण माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं नारळ घेतला आणि परभणीच्या गाडीत बसला. देवापुढं नारळ फोडणं त्याच्या घरात छप्पन सालापासून बंद होतं, पण हा नारळ देवाचा नव्हता, माणसाचा होता.

परभणीच्या स्टँडवर तो उतरला. तिथून गॅरेज दहा मिनिटांच्या वाटेवर. आधी चहा घेऊ म्हणून हॉटेलात शिरला. पहिल्या चहाला वाटलं, उस्ताद खूश होतील. दुसऱ्या चहाला वाटलं, उस्तादांनी नारळ ठेवून घेतला तर? मग भुजंगराव गाडी हैदराबादला नेणार, जन्माचं काम हातचं जाणार, आणि वर उस्तादांचं इंजिन कुणी परका फोडणार. मग ते आपणच केलेलं काय वाईट? तिसऱ्या चहापर्यंत त्यानं स्वतःला अगदी पुरतं पटवलं, की विचारायला जाणं म्हणजे म्हाताऱ्याच्या जिवाला उगाच घोर लावणं आहे. मन एकदा वकिली करायला लागलं की त्याला साक्षीदारांची वाण पडत नाही. चंद्रभान आल्या पावली जिंतूरच्या गाडीत बसला.

दारातच सत्यशीलेनं पिशवीतला नारळ पाहिला. मिस्त्रीची बायको, तिला रीत माहीत होती.

"दिला व्हय परत उस्तादांनी?"

"व्हय," चंद्रभान म्हणाला.

एवढंच. त्यापुढं काही बोलायची गरजच पडली नाही. न दिलेला नारळ आणि परत मिळालेला नारळ दिसायला सारखेच असतात. सत्यशीलेचा चेहरा असा फुलला की विचारू नका. तिनं त्या नारळाच्या वड्या केल्या आणि उस्तादांनी परवानगी दिली म्हणून चार घरी वाटल्या. चंद्रभाननं दोन खाल्ल्या. गोड लागल्या, उगाच खोटं कशाला बोला.

हैदराबादच्या भंगारबाजारातून इंजिन आलं. लिंबाच्या फांदीला चेन-कप्पी टांगून चंद्रभाननं जुनं इंजिन वर उचललं. आठ सिलिंडरचं ते धूड हवेत लोंबकळत राहिलं तेव्हा तो क्षणभर थांबला, मग खाली उतरवून बाजूला ठेवलं. आठवडाभर ते ताडपत्रीखाली होतं. येता-जाता डोळ्यांत सलायला लागलं, म्हणून भंगारवाल्याला बोलावून देऊन टाकलं. उचलेना म्हणून त्या माणसानं तिथंच घण घालून त्याचे तुकडे केले. चंद्रभान तेवढा वेळ स्टँडवर जाऊन बसला.

नव्या कामात मात्र त्यानं जीव ओतला. इंजिन टेकवायचं फाउंडेशन नवीन बांधलं, शाफ्ट कापून बेताचा केला, रेडिएटर पुढं सरकवला, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांना जादा पान घातलं. दीड महिन्यानं गाडी चालू केली तेव्हा स्टँडवरचे ड्रायव्हर-कंडक्टर धावत बघायला आले. आणि पळाली कशी म्हणता! एसटीला दीड तास लागणारी परभणी तिनं पाऊण तासात गाठली. आवाज होता, थरथरही होती, पण दम असा की पाय ठेवायचा अवकाश.

त्या दिवशी तो गाडी भुजंगरावांच्या गावी पोचवायला निघाला होता. सत्यशीला हट्टानं सोबत आली. वाटेत परभणीला थांबू, उस्तादांच्या पाया पडू, म्हणाली. नको म्हणायला चंद्रभानला कारण सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यालाही दाखवायचं होतंच. आपलं काम ज्यानं शिकवलं त्यानं बघितलं नाही, तर ते केलं कशाला?

दत्तराव गॅरेजच्या दारात बाजेवर बसले होते. आवाज ऐकून त्यांनी मान वर केली आणि डोळे बारीक केले. फोर्ड ओळखायला त्यांना वेळ लागला. मग उठले, काठी टेकत गाडीभोवती फिरले, बॉनेट उघडायला लावलं. कापणारा हात त्यांनी फाउंडेशनवर ठेवला, पाईपांवरून फिरवला, एक बोल्ट चाचपला.

"चांगलं बसिवलंस," ते म्हणाले. "लय साफ काम हाय. मला जमलं नसतं."

याच शब्दांसाठी चंद्रभाननं हा सगळा उपद्व्याप केला होता.

"आन् आपलं जुनं कुठाय रे?" दत्तरावांनी विचारलं. "गॅरेजातच ठिवलंस न्हवं?"

"भंगारात दिलं, उस्ताद."

दत्तराव काठी टेकत मागं फिरले. बाजेवर जाऊन बसले. बोलल्या त्या सुलाबाई. पाण्याचा तांब्या घेऊन त्या दारात आल्या होत्या.

"भंगारात? अरं, सालभर हे त्याच्यासाठीच नवी बेअरिंगं घासायलेत की! हात कापतोय, तरी रोज थोडं थोडं. शाई लावायची, कुठं टेकतंय ते बघायचं, घासायचं. आठीच्या आठी जोड झाल्यात, फडक्यात बांधून ठिवल्यात. म्हणले, दिवाळीला चंद्रभानला बोलावतो, समदं त्यालाच खोलू देतो. म्या नुसता बाजंवर बसतो. आन् या बारीनं शेवटचा बोल्टबी त्यालाच आवळू देतो, म्हणले."

सत्यशीला गोंधळून एकदा नवऱ्याकडं, एकदा दत्तरावांकडं बघत होती. तिच्या मनात पाप नव्हतं, म्हणून ती सरळ बोलून गेली.

"पण उस्ताद, नारळ तर तुमीच परत दिलता की. म्या वड्या केल्या त्याच्या."

चंद्रभानला वाटलं, आता जमीन दुभंगावी. दत्तरावांनी त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते पाहत राहिले, जसं एखाद्या इंजिनाचा आवाज ऐकताना पाहायचे, दोष कुठं आहे ते कळेपर्यंत. मग ते सत्यशीलेकडं वळले.

"व्हय पोरी," ते म्हणाले. "दिलता म्या. ध्यानातच न्हाई राहिलं बघ."

"असं कसं ध्यानात राहिलं न्हाई?" सुलाबाई म्हणाल्या. "हा कवा आलता? मला कसं दिसलं न्हाई?"

"तू बाजारात गेलतीस. आला, नारळ दिला, म्या परत दिला. मंग इसरलो. वय झालं माझं."

"अवो, मग सालभर घासलं कशापायी?"

"इसरलो म्हणलं न्हवं?"

सुलाबाईंनी कपाळाला हात लावला. तीस वर्षांपूर्वी घासलेला व्हॉल्व्ह ज्याच्या ध्यानात राहतो तो आपला नवरा असा बोलतो, याचं त्यांना भय वाटलेलं तोंडावर दिसत होतं. चंद्रभाननं तोंड उघडायचं होतं ते तेव्हा. नाही, काकी, मी आलोच नव्हतो, एवढं म्हणायचं होतं. सत्यशीला शेजारी उभी होती. तिनं चार घरी वड्या वाटल्या होत्या. त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि पाणी पीत राहिला.

त्यानंतर ते फार वेळ थांबले नाहीत. भुजंगराव गाडीवर बेहद्द खूश झाले आणि चंद्रभानचं नाव पार पालमपर्यंत गेलं. महिन्याला एक तरी जुनी गाडी नव्या इंजिनासाठी त्याच्या दारात येऊ लागली. तो कामं घ्यायचा आणि चांगली करायचा.

इकडं दत्तरावांची कामं सुटत गेली. सुलाबाईंनी काळजीपोटी शेजारणींपाशी बोलून दाखवलं, की यांच्या आता ध्यानात राहत नाही. शेजारणींनी नवऱ्यांना सांगितलं. विसरभोळ्या मिस्त्रीच्या हाती ब्रेक कोण देणार? दत्तरावांनी कुणाचं खोडून काढलं नाही. चंद्रभान सणावाराला जायचा, फळं न्यायचा, पायाशी बसायचा. आज सांगू, असं ठरवून जायचा आणि हवापाण्याच्या गप्पा मारून यायचा. दत्तरावांनी तो विषय कधी काढला नाही. त्यांना आठवत नाही असं कुणाला वाटावं इतकं सहज ते बोलायचे.

एक्क्याण्णव साली दत्तराव गेले. दहाव्याला गॅरेजच्या दारात मांडव घातला होता आणि आसपासचे झाडून सगळे मिस्त्री आले होते. त्यांच्यात जुन्या आठवणी निघाल्या. कुणी म्हणालं, काय डोकं होतं, एकेक बोल्ट ध्यानात.

सुलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "ते आधी," त्या म्हणाल्या. "मागल्या चार वर्षांत न्हवतं राहिलं. ह्या चंद्रभानला इचारा, ह्याच्याच नारळाच्या येळंपासून सुरू झालं. ह्यानंबी बघितलंय. न्हाई का रे?"

सगळ्यांनी चंद्रभानकडं पाहिलं. उस्ताद आता नव्हते. आता कुणाला दुखवायचं राहिलं नव्हतं, कुणी हैदराबादला जाणार नव्हतं, कुठलं काम हातचं सुटणार नव्हतं.

"व्हय काकी," चंद्रभान म्हणाला. "न्हवतं राहत ध्यानात."