हिरामणची माळ

भाऊ कशानं गेला, असं कोणी विचारलं की मी सांगते, काविळीनं. चौऱ्याऐंशी साली अख्ख्या खाडीपट्टीलाच झाली होती, त्यात आमचाही गेला. लोक च्यक च्यक करतात आणि विषय संपतो. आज खरं सांगते. ऐकून शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या, मी त्याच लायकीची आहे.

आम्ही कोपरखैरण्याचे आगरी. भाताची खाचरं नव्या शहरात गेली आणि बाबा ओट्यावर बसून राहिले. धाकटा भाऊ हिरामण मात्र कबड्डीत नाव काढून होता. तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यानं त्याला खेळाडू म्हणून घेतलं, पण टेम्पररी. त्या वर्षी आठ कारखान्यांची साखळी सुरू झाली होती, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दर रविवारी सामने. साहेबांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "फायनलला पोचव, तुला पर्मनंट करतो." आई देवापुढे बसली की तेवढंच मागायची.

संक्रांतीनंतर साथ आली. आधी घणसोलीचे दोन खेळाडू पडले, मग एका कारखान्याचा संघच्या संघ आडवा झाला. सामने पुढे ढकलायला लागले. हिरामणचे हात पिवळे दिसले तेव्हा आम्ही हसलो. रंगखात्यात काम करणारा पिवळा नाही होणार तर काय गोरा होणार? आठवडाभर त्याची टिंगल केली. मग एका सकाळी त्याचे डोळेही पिवळे दिसले आणि मी आईला हाक मारली.

वाशीचा डॉक्टर म्हणाला, महिनाभर अंथरुणातून उठायचं नाही. सेमीफायनल अकरा दिवसांवर. आईनं गावातल्या बायजाबाईला बोलावलं. ती काविळीची माळ घालायची. मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेली ती इवलीशी माळ डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ वाढते, गळ्यात येते, मग कमरेला, आणि पायांतून निघाली की माणूस बरा. तोवर मैदानात पाऊल टाकायचं नाही. डॉक्टरला हिरामणनं जुमानलं नसतं, पण बायजाबाईची माळ मोडायची त्याची छाती नव्हती.

नऊ दिवस झाले तरी माळ गळ्यातच.

"बाय, मना खेलाचा हाय," तो मला म्हणाला.

"गप पड. जीव नकोसा झालाय का तुला?"

"जीव ठेवून काय करू? बाबासारखा ओट्यावर बसू?"

आणि रडायला लागला. तेवीस वर्षांचा आडदांड गडी, उशीत तोंड खुपसून रडत होता. मला त्याची दया आली, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. ती नोकरी मलाही हवी होती. घरात एक पर्मनंट माणूस असता तर आम्हाला कोणी विचारलं असतं, माझं लग्न जमलं असतं. सव्वीस उलटून गेली होती मला.

शुक्रवारी दुपारी तो झोपला होता. मी त्याच्याजवळ बसून ती माळ नीट बघितली. दर दोन तुकड्यांमध्ये दोऱ्याची सैल अढी, म्हणजे सरकती गाठ, होती. अढी ओढली की दोरा लांबायचा, बस्स, एवढंच. एरवी कोणी तिला हात लावत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. मी एक अढी ओढली. मग दुसरी. मग राहवलंच नाही, सगळ्या ओढल्या.

तो उठून उभा राहिला आणि माळ खांद्यांवरून घसरून पायांत पडली. "बाय, उतरली! उतरली गो!" आई रडली. बायजाबाईनं येऊन नारळ फोडला. मीसुद्धा हसले. कसं हसू आलं मला, देव जाणे.

रविवारी तो खेळला. पहिल्या चढाईत दोघांना मारून आला. पाचव्या चढाईनंतर रेषेवरच वाकला, पोट धरून, पण बाहेर आला नाही. तीन गुणांनी जिंकले. पोरांनी त्याला खांद्यावर घेतला, तेव्हा तो एकाच्या पाठीवर ओकला. तरी लोक टाळ्याच वाजवत होते.

सोमवारी आठही कारखान्यांचे साहेब बसले आणि साथीपायी साखळी रद्द केली. फायनल नाही, काही नाही. हिरामणला ते कळलंच नाही. तो इस्पितळात काहीबाही बडबडत होता, आईलाही ओळखत नव्हता. गुरुवारी सकाळी गेला.

डॉक्टरनं सांगितलं होतं, पडून राहा. तो पडूनच राहिला असता. मी त्याला उठवला.

तेराव्यानंतर साहेब घरी आले. बूट बाहेर काढून खाली चटईवर बसले. म्हणाले, "शेवटच्या सामन्यापर्यंत तो कंपनीसाठी खेळला. घरातल्या एकाला आम्ही पॅकिंगला घेतो. पर्मनंट."

बाबांनी मान खाली घातली. आईनं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सगुना जाईल."

मी तोंड उघडलं. आईशप्पथ सांगते, सांगायलाच उघडलं होतं. पण आईच्या चेहऱ्यावर पंधरा दिवसांत पहिल्यांदा जरा जीव आला होता. आणि खोटं कशाला बोलू, मला ती नोकरी अजून हवीच होती.

साहेबांनी फॉर्म काढला. माझं नाव लिहिलं, वय लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "मयताशी नातं?"

"बहीण," मी म्हणाले, आणि सही केली.