बाकड्यावरचं गिऱ्हाईक

लोहगडवाडीत गडावर निघालेल्या माणसांना टपरीत बसवावं ते हौशीरामनंच. पुढं पाणी मिळणार नाही, हे तो अशा काळजीनं सांगायचा की भरलेल्या बाटल्या घेऊन आलेले लोकही ताक पिऊन जायचे. असा हा बोलबच्चन गडी गेला महिनाभर स्वतःच दुसऱ्याच्या बोलण्यावर पार पाघळला होता.

मोबाईलवर शेअरबाजाराच्या चर्चेचा एक फोरम होता. तिथं 'धनंजय सर' या नावानं कुणीतरी लिहायचं. पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कंपनीचा अकरा रुपयांचा शेअर दिवाळीपर्यंत चाळीसवर जाणार, हे सर इतक्या मायेनं सांगत की हौशीरामला सख्खा मामाच बोलतोय असं वाटे. खाली लोकांची रांग. सर, घेतले. सर, तुमच्यामुळं घर उभं राहिलं. हौशीरामनं काही विचारलं की पाचसहा जण लगेच 'भाऊ' म्हणून उत्तर देत, आणि तो आणखी विरघळे. सोमवारी पंचवीस हजार टाकायचे, हे त्यानं ठरवूनच टाकलं. ते पैसे त्याच्या बायकोनं, सवितानं, दोन वर्षं भजी तळून टपरीतल्या फ्रीजसाठी साठवलेले होते.

रविवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आधी, त्यानं तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं चुलीपुढून न उठता ऐकलं. हे सर कोण, कुठले, कुणी पाहिलेत का, एवढंच विचारलं. सरांचं राहू दे, हौशीराम म्हणाला, ही घेणारी माणसं बघ, एवढी सगळी खुळी असतील का?

सवितानं बाकड्याकडं बोट केलं. तिथं हौशीरामचा चुलतभाऊ केरबा बसला होता. रिकाम्या टपरीत कुणी शिरत नाही, म्हणून दर रविवारी हौशीरामच त्याला बसवायचा. केरबा भज्यांची एकच बशी दुपारपर्यंत पुरवायचा आणि माणसं दिसली की मोठ्यानं वाहवा करायचा.

"ह्यातलं केरबा भावजी किती, ते इचारा की," ती म्हणाली.

हौशीरामनं मोबाईलवरची ती रांग पुन्हा वरपासून वाचून काढली. केरबा मात्र खुदकन हसला.

मग हौशीरामनं फोरमवर लिहिलं, सर, तुम्ही स्वतःचे शेअर कधी विकणार तेवढं सांगा. लिहून वाट बघत बसला. सर उत्तर देतील असं त्याला अजूनही वाटत होतं. उत्तर आलं ते तिघा 'भाऊ'वाल्यांचं. तिघांच्या शिव्या शब्दाला शब्द सारख्या. पाचव्या मिनिटाला त्याला फोरमवरून काढूनच टाकलं.

पैसे वाचले, पण महिनाभर ज्यांना आपली माणसं समजलो त्या सगळ्या नावांमागं माणूस एखादाच असावा, याचं हौशीरामला फार वाईट वाटलं. सविताला ते दिसलं. तिनं त्याच्या हातात चहा दिला.

"उद्या लोनावळ्याला जाऊन फ्रीज आनू," ती म्हणाली. "पर दुकानदाराशी मी बोलनार. तुमी भाईर हुबं ऱ्हायाचं."

"व्हय," हौशीराम म्हणाला.